जयमालाबाईंचं शुद्धिपत्र

जयमाला थोरवत यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, आणि तेही एकाच माणसानं वाचावं म्हणून. बाकी जगानं वाचलं तर ठीक, नाही वाचलं तर त्याहून ठीक. तो माणूस म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, कऱ्हाडचे उत्तमराव थोरवत. साखर कारखान्यातून निवृत्त, वय चौऱ्याहत्तर, हृदयाचं एक ऑपरेशन झालेलं. जे सांगायचं होतं ते त्याच्या तोंडावर बोलायला बाईंना सेहेचाळीस वर्षांत जमलं नाही. भित्र्या होत्या म्हणून नव्हे. समोर आला की दादा इतका गोड वागायचा, की जिभेवर आलेलं गिळून टाकावं लागायचं. दर दिवाळीला साडी, दर मे महिन्यात आंब्याची पेटी. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं! शेवटी बाईंनी लिहून काढलं. दोनशे चाळीस पानं झाली. नाव दिलं 'पोच'. त्यातलं ब्याण्णवावं पान हेच खरं पुस्तक. बाकीची पानं त्या एका पानाला एकटं वाटू नये म्हणून होती, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

पुस्तक निघालं, आणि बाई कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आपल्या दोन खोल्यांत वाट बघत बसल्या. दादा चिडेल, फोन आपटेल, नातं तोडेल. तोडू दे. एकदा वाचलं म्हणजे झालं.

विसाव्या दिवशी दारावरची घंटा वाजली. दारात दादा. हातात कंदी पेढ्यांचा पुडा, आणि डोळे रडून लाल झालेले.

"जया! अगं, काय लिहिलंयस गं हे!" असं म्हणून त्यानं उंबऱ्यातच पेढा तिच्या तोंडात कोंबला. "मला आपलं वाटायचं, तू माझ्याबद्दल मनात काहीतरी धरून बसलीयस. इतकी वर्षं वाटायचं. आणि तू तर... ब्याण्णवावं पान चारदा वाचलं मी."

"ब्याण्णवावंच?" बाईंच्या तोंडात पेढा फिरायला लागला.

"तेच की! पुण्याच्या ग्रंथालयाचं नेमणुकीचं पत्र येतं, मी ते तुझ्या हातात ठेवतो, म्हणतो, जया, तू बिनघोर जा, आईचं मी बघतो. आणि तू म्हणतेस, दादा, नोकरी पुन्हा मिळेल, आई पुन्हा मिळायची नाही. मूर्तिमंत उभं केलंस सगळं!" तो खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "खरं सांगू? मला थोडं वेगळं आठवत होतं. पण म्हटलं, आपलं वय झालं. जया लिहितेय म्हणजे तसंच घडलं असणार."

बाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मी असं लिहिलंय?"

"तूच लिहायचं आणि मलाच विचारायचं!" दादानं पिशवीतून आपली वाचायची पाटी काढून पुढं केली. बाईंनी ती हातात घेतली, ब्याण्णवावं पान काढलं आणि वाचलं. त्यांचाच मजकूर होता. शब्दन् शब्द, स्वल्पविराम न् स्वल्पविराम.

"हे बघ, इथं काय लिहिलंय?" त्यांनी पाटी दादाकडे दिली.

"हेच की," म्हणत दादानं चष्मा सारखा केला आणि वाचलं, "'जया, तू बिनघोर जा...'"

बाईंनी पाटी परत घेतली. परत त्यांचा मजकूर. दादाकडे दिली. परत दादाचा. असं तीनदा झालं, तेव्हा दादाला ही बहिणीची काहीतरी गंमत वाटली. मग बाई उठल्या, पाणी आणायच्या निमित्तानं त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. दादाच्या हातात, दादाच्या डोळ्यांखाली, त्यांच्याच सहीच्या पुस्तकात एक अख्खा प्रसंग नांदत होता, जो कधी घडला नव्हता. आणि वाईट असं, की भाषा त्यांचीच होती. त्यांचीच छोटी वाक्यं, त्यांचेच शब्द. लबाडी करणाऱ्यानं त्यांचा हात उचलून सही केली होती.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण गालात पेढा आणि समोर सुखानं रडणारा माणूस. बाई मिठाची गुळणी धरून बसल्या. दादा चहा पिऊन, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून, पाच वाजताच्या एस.टी.नं कऱ्हाडला गेला. तो गेल्यावर बाईंनी उरलेला पुडा उचलून शेजारच्या सरोजाताईंना देऊन टाकला, आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

या पाटीची गोष्ट आता सांगायलाच हवी. 'मनाजोगी' हे तिचं दुकानातलं नाव. घरोघर तिला नुसतं पाटी म्हणत. सुरुवातीला ती अगदी गरीब गाय होती. वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, ती उड्या मारत जाते. अवघड शब्दाशी अडखळते, खुपलेल्या वाक्याकडं मागं फिरते, कंटाळली की पाच-पाच ओळी ओलांडते. पाटीच्या वरच्या काठात बसवलेला बारीक डोळा या उड्या मोजायचा, वाचणाऱ्याच्या डोळ्यातली बाहुली किती रुंदावली ते बघायचा. पाटी धरलेल्या बोटांना घाम किती सुटला, नाडी किती वाढली, हे कडेची पट्टी टिपायची. एवढ्यावरून पाटीला आधीच कळायचं, की हा माणूस आता अमुक वाक्यावर पुस्तक मिटणार. मग ते वाक्य यायच्या आतच ती ते बदलायची. पुढचं पान छापून तयार नसायचंच. तुम्ही हातातलं पान संपवत आणलंत की मग ते रांधलं जायचं, तुमच्या प्रकृतीला सोसेल असं.

पहिल्या वर्षी अवघड शब्द गेले. कोणी तक्रार केली नाही. दुसऱ्या वर्षी लांबलचक वर्णनं गेली, तेव्हा तर लोकांनी आभार मानले. तिसऱ्या वर्षी दुःखाचे शेवट गेले. पूर्वी शंभरातली सत्तर माणसं पुस्तक अर्धवट टाकायची, ती आता चारच टाकायला लागली, म्हणून प्रकाशक खूश. पाटीवर वाचणाऱ्यांना झोप चांगली लागते, म्हणून डॉक्टर खूश. त्यांच्याच सांगण्यावरून पाटीत 'जपणूक' आली: हृदयाच्या रुग्णाची नाडी ठरलेल्या आकड्यापुढं जाईल असं काहीही समोर येऊ द्यायचं नाही. उत्तमरावांच्या पाटीवर ती त्यांच्या लेकीनं, गिरिजेनं, लावून दिली होती.

यात बिघडलं काय, असं कोणी म्हणेल. म्हणा बापडे! पथ्याच्या माणसाला भाजीत मीठ कमी घालणं वेगळं, आणि ताटातली भाजीच बदलून 'तुम्ही हीच मागितली होती' असं सांगणं वेगळं.

दादा येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई पुण्याला गेल्या. प्रकाशनाचं काम बघणारा निहार करमरकर हा तिशीतला, हसतमुख आणि इतका नम्र मुलगा होता, की त्याच्यावर चिडायलासुद्धा कष्ट पडावेत.

"मॅडम, करारातलं सतरावं कलम," तो म्हणाला. "मजकूर वाचकानुकूल करण्यास लेखिकेची हरकत नाही. आणि हे तुमचं अंतिम मुद्रित. खाली तुमचाच शेरा आहे: 'बरोबर आहे, छापावे.'"

होता. बाई चाळीस वर्षं कोल्हापूरच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. दुसऱ्यांच्या हजारो पानांतले खडे त्यांनी वेचून काढले होते. त्यांच्या नजरेतून चूक निसटली असं कधी झालं नव्हतं. आणि त्याच बाईंनी स्वतःच्या पुस्तकाचं मुद्रित पाटीवर वाचलं होतं! पाटीनं त्यांना त्यांच्या मनाजोगं पान दाखवलं, आणि त्यांच्या मनाजोगं पान म्हणजे त्यांनी लिहिलेलंच पान. एकही चूक सापडेना तेव्हा बाईंना आपल्या लेखनाचा अभिमानच वाटला होता. करार तर वाचलाच नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मग आता हे कलम काढा," त्या म्हणाल्या.

"एकट्या पुस्तकासाठी नाही निघत. सगळी पाटीच तशी चालते. आणि का काढायचं, मॅडम? तुमचं पुस्तक शंभरातले सत्त्याण्णव वाचक पूर्ण करतायत. वाचकाला दुखलं की तो पुस्तक ठेवून देतो."

"दुखावं म्हणूनच लिहिलंय मी."

"सगळ्यांना?"

"एकाला!"

निहारनं समोरचा करार बाजूला सारला. मग हळूच म्हणाला, "त्या एकाला बरं वाटलं, तर तुमचं नुकसान काय होतं?"

प्रश्न साधा होता, पोरानं मनापासून विचारला होता. बाईंना तिथं उत्तर देता आलं नाही, याचा त्यांना परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत राग येत राहिला. सातारा सोडल्यावर उत्तर सुचलं. माझ्यावर झालेला अन्याय हा माझा आहे. तो कोणी मला न विचारता गोड करून वाटायचा नाही.

घरी येऊन त्यांनी पदर खोचला. छापलेल्या पुस्तकात चूक राहिली, तर छापखान्याची जुनी रीत होती. पुस्तक फाडायचं नाही, रडत बसायचं नाही. एक चिठोरं छापायचं, त्यावर पान, ओळ, चूक आणि दुरुस्ती लिहायची, आणि ते पुस्तकात ठेवून द्यायचं. त्याला शुद्धिपत्र म्हणत. बाईंनी असली शेकड्यांनी शुद्धिपत्रं तपासली होती. आता त्यांनी स्वतःचं लिहिलं. "'पोच', पान ब्याण्णव. तुमच्या पाटीवर इथं काहीही दिसत असलं, तरी लेखिकेनं लिहिलेलं असं आहे," आणि खाली ते पान, जसंच्या तसं. झेरॉक्सवाल्याकडून पन्नास प्रती काढल्या. कागदाच्या प्रती मागणारं गिऱ्हाईक त्याला चार महिन्यांनी भेटलं होतं. त्यानं यंत्रावरची धूळ आधी फुंकून घेतली.

पहिली प्रत सरोजाताईंना. तासाभरात त्या ती परत घेऊन आल्या.

"हे घ्या तुमचं. मला नको बाई."

"का हो?"

"माझ्या पुस्तकात तुम्ही पुण्याला जाता. तिथं नोकरी करता, स्वतःचं घर घेता, आणि शेवटी भाऊ भेटायला येतो तर त्याला दारातूनच परत पाठवता." सरोजाताईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "किती बरं वाटलं होतं मला! माझ्यानं कधी झालं नाही ते, म्हटलं, या बाईनं तरी केलं. आणि तुम्ही हे चिठोरं देता. कशाला माणसाला परत तिथंच आणून बसवता?"

बाईंना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. पण त्या म्हणाल्या, "सरोजाताई, मीसुद्धा नाही गेले. नाही गेलेल्या आपण दोघी आहोत, हे तरी खरं राहू दे की."

सरोजाताई वळल्या. चिठोरं मात्र त्यांनी खाली ठेवलं नाही, मुठीतच नेलं.

कऱ्हाडची प्रत बाईंनी टपालानं पाठवली. नोंदणी करून, पोच मागवून. चौथ्या दिवशी फोनवर पोच उमटली: पत्र मिळालं. बाई फोन मांडीवर घेऊन बसल्या. दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला, नेहमीसारखा खुशीत. कृष्णेला पाणी किती चढलंय, गुडघा कसा आहे, गिरिजेनं पुरणपोळ्या केल्या होत्या. ब्याण्णवाव्या पानाचं नाव नाही. बाईंनी फोन ठेवला, आणि मग पहिल्यांदा पोच नीट उघडून बघितली. खाली सही होती: गिरिजा थोरवत.

सेहेचाळीस वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या त्याच घरात बाईंच्या नावाचं एक पत्र आलं होतं, आणि त्याच्या पोचेवर दुसऱ्याचीच सही होती. आता त्यांनी पाठवलेलं पत्रही त्याच उंबऱ्यावर अडलं. आधी हसू आलं, मग असा संताप आला, की त्यांनी कपाटातून लिखाणाची जुनी फाइल काढली, पिशवीत टाकली आणि कऱ्हाडची एस.टी. धरली.

गिरिजा फाटकातच भेटली. चाळिशीची, आत्याची लाडकी. लहानपणी आत्याच्या मांडीवर बसून वाचायला शिकलेली.

"आत्या, मला माहीत होतं तू येणार," ती म्हणाली. "मीच ठेवलं ते पत्र. अप्पांना नाही दिलं."

"का?"

"त्यांचं हृदय तीस टक्क्यांवर चालतंय. डॉक्टरांनी सांगितलंय, धक्का नको. गेले पंधरा दिवस ते इतके आनंदात आहेत, आत्या! येईल त्याला तुझं पुस्तक वाचून दाखवतात. मी त्यांच्या भल्यासाठी केलं."

"तुझे अप्पाही तेव्हा हेच म्हणाले असते. आईच्या भल्यासाठी."

गिरिजेचा चेहरा पडला. आवाज खाली घेत ती म्हणाली, "माझ्या पाटीवर तुझं पत्र टपालात हरवलं होतं. नुसतं हरवलं होतं, कोणाचीच चूक नव्हती. तुझं चिठोरं वाचलं तेव्हा कळलं. मी दोन दिवस अप्पांना जेवायला वाढताना त्यांच्याकडं बघितलं नाही. तुला कळतंय का, तू काय मागतेयस? त्यांना काही झालं म्हणजे?"

"झालं तर मरेपर्यंत माझ्या डोक्यावर राहील. मला ते माहीत आहे, आणि तरी मी आलेय." बाईंनी पिशवी काखेत घट्ट धरली. "माझ्या भावाला मी भित्रा समजले नाही कधी, गिरिजा. तुम्ही सगळे मिळून त्याला मातीचं भांडं करून ठेवलंयत. मी त्याच्याशी माणसासारखं बोलणार आहे. बाजूला हो."

गिरिजा बाजूला झाली नाही. बाई तिच्या अंगावरून आत गेल्या.

दादा पलंगावर उशीला टेकून बसला होता, शेजारच्या स्टुलावर पाटी उभी. मनगटात नाडी मोजणारा पट्टा. बहिणीला बघून त्याचा चेहरा फुलला.

"ये ये! गिरिजा, चहा टाक. अगं, लेखिका आली!"

"चहा नंतर. दादा, मी तुला ब्याण्णवावं पान वाचून दाखवायला आलेय."

"माझं पाठ झालंय ते."

"तुझं झालंय. माझं ऐक." बाईंनी खुर्ची पुढं ओढली, फाइल उघडली, चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली.

"'नोंदणीचं पत्र चौदा जूनला आमच्या घरी आलं. पोचेवर दादाची सही आहे. ती पोच ग्रंथालयातून मागवून मी आठ वर्षांनी डोळ्यांनी बघितली. पत्र मला मिळालं नाही. दादानं ते बंबात घातलं...'"

मनगटातला पट्टा टिकटिकला. स्टुलावरची पाटी मऊ आवाजात बोलली, "उत्तमराव, नाडी थोडी वाढली आहे. आपण दुसरं काहीतरी ऐकू या का?"

"आत्या, बस कर!" गिरिजा दारातून ओरडली.

बाई थांबल्या नाहीत. "'लिफाफा न फोडताच घातला असावा, असं मी धरून चालले. आत काय आहे हे माहीत असून माझा भाऊ ते जाळेल, हे मला मानवत नाही. आई बंबाजवळ उबेला बसलेली असायची. अर्धांगानं तिची वाचा गेली होती. त्या दिवसापासून ती बंबाकडे बोट दाखवून रडायला लागली. मला वाटायचं, तिला आंघोळ हवी आहे. मी दिवसातून दोनदा पाणी तापवून तिला न्हाऊ घालायचे. ती आणखीच रडायची. एकदा राख काढताना मला निळ्या लिफाफ्याचा जळका कोपरा सापडला. मी तो राखेबरोबर उकिरड्यावर टाकला.'"

"उत्तमराव," पाटी म्हणाली, "एक छान आठवण वाचू या. 'जया, तू बिनघोर जा...'"

दादानं हात लांब केला आणि पाटी स्टुलावर पालथी घातली. आतून आवाज येतच राहिला. त्यानं ती उचलून गिरिजेपुढं धरली. "हे घेऊन जा इथनं."

"अप्पा, तुमची नाडी..."

"ने म्हटलं ना!" इतक्या मोठ्यानं तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. त्यानं मनगटातला पट्टाही काढून तिच्या हातात दिला. गिरिजा दोन्ही वस्तू छातीशी धरून तिथंच उभी राहिली. दादाचा श्वास जोरात चालला होता. कपाळावर घाम होता. बाईंनी ते बघितलं. हा आता जातोय, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी कागद खाली ठेवला नाही.

दादानं खिडकीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "त्यात एक चूक आहे."

"कुठली?"

"लिफाफा फोडला होता." त्यानं तोंड पुसलं. "वाचलं मी ते पत्र. दोनदा वाचलं. माझं लग्न ठरलेलं, आईचं सगळं अंथरुणात, तू गेलीस की कोण करणार... हे सगळं डोक्यात घेऊन दोनदा वाचलं. मग आईला वाचून दाखवलं."

"आईला?"

"म्हटलं, तिला विचारावं. निदान नंतर म्हणता येईल, की आईनंच ठरवलं." त्यानं आपला हात उचलून दाखवला. "तिनं चांगला हात उचलला. तू आत निजलेली होतीस, त्या खोलीकडं केला. दे तिला, असा. मला कळलं नाही असं मी दाखवलं. तिनं परत केला. मग मी तिच्यासमोरच बंबात घातलं, जया."

बाईंच्या हातातले कागद मांडीवर पडले. दादानं काय केलं हे त्यांना माहीतच होतं. हे माहीत नव्हतं. पुस्तकात कुठंही लिहिली नव्हती अशी एक गोष्ट त्यांच्या मनाच्या तळाशी सेहेचाळीस वर्षं बसून होती: आईलाही मी घरातच हवी होते. आईसाठीच सगळं गेलं, आणि आईनं ते मुकाट्यानं घेतलं. आणि ती बिचारी बोट दाखवून दाखवून सांगत होती, आणि आपण तिच्या अंगावर पाणी ओतत होतो.

"तिला मला पाठवायचं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि तू हे इतकी वर्षं..."

"हो."

मग जयमालाबाई रडल्या. वयाला, नात्याला, शेजाऱ्यांना न जुमानता, लहान पोरीसारख्या मोठ्यानं रडल्या. आई गेली तेव्हासुद्धा त्या अशा रडल्या नव्हत्या. दादा हात पुढं करायला गेला, आणि त्यांनी तो झिडकारला. त्यानं निमूट मागं घेतला.

रडणं ओसरल्यावर तो म्हणाला, "पाटीवरच्या पुस्तकात शेवटी तू मला माफ करतेस. कशाबद्दल ते तिथं नाही, पण करतेस."

"ते पाटीनं केलं. मी नाही."

"तुझ्यात नाही?"

"माझ्यात नाही." बाईंनी नाक पुसलं. "पुढं कधी करीन, का नाही करणार, ते माझं मी बघेन. कोणी मला लिहून द्यायचं नाही."

दादानं मान हलवली. चेहरा राखेसारखा झाला होता, पण डोळे मात्र जागे होते. कोल्हापूरला पेढा भरवायला आला तेव्हा ते तसे नव्हते. त्यानं उशी नीट करून घेतली, पाठ टेकली.

"अजून किती पानं आहेत?"

"एकशे अठ्ठेचाळीस."

"सगळी माझ्यावरच?"

"नाही. पण तू बऱ्याच ठिकाणी आहेस."

"मग वाच," दादा म्हणाला. "जिथं तुला माहीत नाही, तिथं मी सांगतो."

जयमालाबाईंनी फाइलच्या कडेला अडकवलेली पेन्सिल काढून कानावर ठेवली. गिरिजेनं पाटी आणि पट्टा नेऊन स्वयंपाकघरातल्या डब्यांमागं ठेवला, खुर्ची ओढली आणि ती बापाच्या उशाशी ऐकायला बसली.